३० सप्टेंबर आणि नारिंगी शर्ट: कॅनडातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की मुलांच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते आणि आमच्या मंडळाच्या ग्रुपवर प्रश्न सुरू होतात. मी ओंटारियोत राहते, दोन्ही मुलं इथल्याच शाळेत शिकली. पहिल्या वर्षी मीही धाकट्याला "आज ऑरेंज डे" म्हणत बसमध्ये बसवलं आणि फोटो काढून आजीला पाठवला. संध्याकाळी तो आला, दप्तर टाकलं आणि म्हणाला, "आई, त्या मुलीला तिचा शर्ट परत का नाही दिला?" कुठली मुलगी, कुठला शर्ट, मला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून वाचत, ऐकत, जाऊन बघत आले आहे. खालचे सगळे प्रश्न खरोखर आलेले आहेत, मी फक्त एकसारखे दोन असतील तिथे एक केला आहे.

१. शाळेतून चिठ्ठी आली आहे, ३० सप्टेंबरला मुलांना ऑरेंज शर्ट घालून पाठवा म्हणून. हे नेमकं काय आहे?

हा स्मरणदिन आहे. कॅनडात शंभर वर्षांहून अधिक काळ मूलनिवासी लोकांची मुलं घरातून काढून निवासी शाळांत नेली जात. त्यातली हजारो परत आली नाहीत. जी परत आली त्यांतल्या अनेकांची भाषा, नाव, घरची माया सगळं तुटलेलं होतं. त्या मुलांची आठवण म्हणून ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालतात. लोकांच्या तोंडी नाव 'ऑरेंज शर्ट डे', सरकारी नाव 'राष्ट्रीय सत्य आणि सलोखा दिन'. शर्टांवर दिसणारं 'एव्हरी चाइल्ड मॅटर्स' हे वाक्य याच दिवसाचं आहे.

शाळांत पजामा डे, क्रेझी हेअर डे असे दिवस असतात, त्यामुळे हाही त्यातलाच वाटतो. तसा तो नाही, एवढं मुलाला घरून निघण्याआधी सांगा.

२. नारिंगीच का? या रंगाचा त्यांच्या धर्माशी काही संबंध आहे का?

धर्माशी नाही, एका सहा वर्षांच्या मुलीशी आहे. फिलिस वेबस्टॅड ब्रिटिश कोलंबियातल्या सेक्वेपेम्क समाजातल्या. १९७३ साली त्यांना सहावं वर्ष लागलं आणि विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ मिशनच्या निवासी शाळेत जायची वेळ आली. आजीकडे पैसे फारसे नसायचे, तरी शाळेचा पहिला दिवस म्हणून तिने नातीला दुकानात नेलं आणि आवडेल तो शर्ट घे म्हणाली. नातीने चमकदार नारिंगी शर्ट निवडला, समोर नाडीने बांधायचा. शाळेत पोचल्यावर अंगावरचे सगळे कपडे काढून घेतले गेले, त्यात तो शर्टही गेला. तो पुन्हा कधी त्यांच्या अंगावर आला नाही.

नव्या कपड्यांच्या वासासकट शाळेचा पहिला दिवस आपल्या सगळ्यांना आठवतो. म्हणूनच हा प्रसंग मुलांना लगेच कळतो, समजावून सांगावा लागत नाही. फिलिस यांनी तो २०१३ मध्ये विल्यम्स लेकमध्ये जाहीरपणे सांगितला आणि ऑरेंज शर्ट डे सुरू झाला. तारीख सप्टेंबरची, कारण मुलांना घरातून नेण्याचे दिवस हेच असायचे.

३. निवासी शाळा म्हणजे काय? किती होत्या, कधीपर्यंत चालल्या?

पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, युनायटेड, सगळे पंथ यात होते. पहिली म्हणून ओंटारियोत ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट सांगतात, तिथे १८३१ पासून मुलं राहायला ठेवू लागले. १८८० च्या दशकात पंतप्रधान जॉन ए. मॅकडॉनल्ड यांच्या सरकारने हे देशाचं धोरण केलं. १९२० च्या कायदादुरुस्तीने ७ ते १५ वर्षांच्या मूलनिवासी मुलांना शाळेत धाडणं सक्तीचं झालं, आणि बऱ्याच ठिकाणी शाळा म्हणजे हीच शाळा. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे आपल्यातले कित्येक जण कॉलेजात होते तेव्हा.

सुमारे १,५०,००० मुलं या शाळांतून गेली. सरकारने पुढे या माजी विद्यार्थ्यांशी केलेल्या नुकसानभरपाईच्या करारात १३९ शाळांची नोंद आहे. कराराबाहेर राहिलेल्या आणखी होत्या, आणि रोज घरी परतायच्या 'डे स्कूल' वेगळ्या.

पोचल्या दिवशी केस कापत. बऱ्याच ठिकाणी मुलांना नंबर देत आणि त्यानेच हाक मारत. आपल्या भाषेत बोललं की मार. भाऊ-बहीण एकाच इमारतीत असले तरी मुलांची बाजू वेगळी, मुलींची वेगळी, एकमेकांशी बोलायची मुभा नाही. अर्धा दिवस शिकवणं आणि अर्धा दिवस शेत, गोठा, धोबीखाना. शारीरिक आणि लैंगिक अत्याचारांच्या हजारो साक्षी नोंदल्या गेल्या आहेत.

४. किती मुलं गेली? आणि कशाने?

विनिपेगला मॅनिटोबा विद्यापीठात असलेल्या राष्ट्रीय सत्य आणि सलोखा केंद्राच्या स्मरणनोंदीत ४,१०० हून अधिक मुलांची नावं आहेत. या शाळांची चौकशी केलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष, दिवंगत न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या मते खरा आकडा ६,००० किंवा त्याहून अधिक असू शकत होता. मूल फार आजारी पडलं की घरी पाठवून देत आणि ते तिथे दगावलं की शाळेच्या वहीत काहीच येत नसे.

सर्वाधिक मृत्यू क्षयाने झाले. दाटीवाटीची वसतिगृहं, हवा नाही, पोटात पुरेसं अन्न नाही. सरकारला हे माहीत होतं, कारण सरकारच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने, डॉ. पीटर ब्राइस यांनी, १९०७ मध्ये लिहून दिलं होतं. पंधरा शाळांनी पाठवलेल्या उत्तरांवरून त्यांनी हिशेब मांडला. नावनोंदणी झालेल्या साधारण १,५०० मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मेलेला होता. त्यांच्या सूचना बाजूला ठेवल्या गेल्या. नोकरीतून बाहेर पडल्यावर १९२२ मध्ये त्यांनी हे सगळं स्वतः छापून लोकांपुढे ठेवलं.

मला सगळ्यात जड जातो तो आकडा वेगळाच आहे. आयोगाने मृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश नोंदींत मुलाचं नावच नव्हतं. साधारण एक चतुर्थांश नोंदींत मुलगा की मुलगी हेही नाही. निम्म्या नोंदींत कारण नाही. मृतदेह घरी पाठवायचा खर्च करायला सरकारी खातं राजी नसे, म्हणून मुलांना शाळेच्याच आवारात पुरत. आईवडिलांना कधी कळवत, कधी नाही.

काही मुलं पळून घरी जायला निघाली आणि वाटेत गेली. चॅनी वेंजॅक हा बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा ऑक्टोबर १९६६ मध्ये ओंटारियोतल्या केनोराच्या शाळेतून निघाला. घर सुमारे ६०० किलोमीटर दूर, ओगोकी पोस्टला. अंगात पातळ सुती विंडचीटर, खिशात काचेची छोटी बाटली आणि तिच्यात थोड्या आगकाड्या. रेल्वेच्या रुळांच्या कडेने तो चालत राहिला. २३ ऑक्टोबरला रुळाशेजारी त्याचा देह सापडला. इथला ऑक्टोबर काय असतो ते आपल्याला माहीत आहे, आपण तेव्हा मुलांना जाड जॅकेटशिवाय अंगणातही सोडत नाही.

५. आपण लहानपणी 'रेड इंडियन' म्हणायचो. आता काय म्हणायचं?

तो शब्द सोडून द्या, मुलांच्या कानावरही पडू देऊ नका. इथे 'इंडिजिनस' म्हणतात. त्यात तीन मोठे समूह येतात: फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी. मराठीत मी 'मूलनिवासी' लिहिते. समाजाचं नेमकं नाव माहीत असेल तर तेच घ्यावं, क्री, ओजिब्वे, मोहॉक, सेक्वेपेम्क असं. जुन्या कायद्यांच्या आणि शाळांच्या नावांत 'इंडियन' शब्द दिसेल. ते त्या कागदावरचं नाव आहे, हाक मारायचं नाही.

६. आपल्याकडच्या आदिवासी आश्रमशाळांसारख्याच ना या? मीही बोर्डिंगमध्ये वाढलो, मग एवढं काय?

हा प्रश्न दरवर्षी येतो, बहुधा पुरुषांकडून, आणि तो मनापासून विचारलेला असतो. बोर्डिंगमध्ये तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला पाठवलं. दिवाळीला, मे महिन्यात तुम्ही घरी जात होता. घरच्या पत्राला मराठीत उत्तर लिहीत होता आणि त्यासाठी कुणी पट्ट्या मारत नव्हतं. इथे नकार द्यायचा हक्कच आईवडिलांना नव्हता आणि पोलीस दारात येत. मुलाचं आपल्या माणसांशी असलेलं नातं तुटावं, हा शाळांचा उघड सांगितलेला हेतू होता. १९२० मध्ये मूलनिवासींचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुख डंकन कॅम्बेल स्कॉट यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की त्यांना 'इंडियन प्रश्न' कायमचा संपवायचा आहे.

आश्रमशाळांचं म्हणाल तर तिथली दुरवस्था, मुलांचे मृत्यू, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून परकी भाषा, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर स्वतंत्रपणे बोलायलाच हवं. एकाचं नाव घेऊन दुसऱ्यावर पांघरूण मात्र घालू नये.

७. पण याला 'नरसंहार' म्हणणं जास्त होत नाही का? गॅस चेंबर तर नव्हते.

मराठीत आपण 'नरसंहार' म्हटलं की डोळ्यांपुढे प्रेतांचा ढीग येतो. कायद्यातला 'जेनोसाइड' हा शब्द त्याहून रुंद आहे, त्याला 'वंशसंहार' जवळचा. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ ला जो करार स्वीकारला त्यात वंशसंहाराची पाच कृत्यं दिली आहेत. पाचवं कृत्य आहे एका समूहाची मुलं जबरीने दुसऱ्या समूहाकडे सोपवणं. अट एकच, तो समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने हे केलेलं असावं. भारतानेही १९५९ मध्ये या कराराला मान्यता दिली आहे.

आता इथे कोण काय म्हणालं ते क्रमाने. २०१५ च्या अंतिम अहवालात आयोगाने 'सांस्कृतिक वंशसंहार' असा शब्द वापरला. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस माफी मागायला कॅनडात आले आणि परतीच्या विमानात पत्रकारांनी विचारल्यावर हा वंशसंहारच होता असं म्हणाले. २७ ऑक्टोबर २०२२ ला विनिपेगच्या खासदार लिआ गझान यांचा ठराव लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने एकमताने मंजूर केला. निवासी शाळांत जे झालं त्याला सरकारने वंशसंहार म्हणून मान्यता द्यावी, असा तो ठराव होता. कायद्याच्या अभ्यासकांत हेतूच्या मुद्द्यावर वाद आहे आणि तो असू द्यावा. कोर्टाने तसा निकाल दिलेला नाही, हेही खरं. माझं मत विचाराल तर करारातलं पाचवं कृत्य वाचून प्रश्न ६ मधलं स्कॉट यांचं म्हणणं पुन्हा वाचा. मला तरी वेगळा शब्द सापडत नाही.

८. ताई, कॅमलूप्सला एकही थडगं सापडलं नाही, सगळं खोटं होतं, असा फॉरवर्ड फिरतोय. खरं काय?

२७ मे २०२१ ला 'टकेमलूप्स ते सेक्वेपेम्क' या समाजाने जाहीर केलं की ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात जमिनीखालचं टिपणाऱ्या रडारने केलेल्या पाहणीत २१५ मुलांचे अवशेष असल्याची खात्री झाली. पुढे मात्र त्यांना 'दफन असावं अशा खुणा' असंच म्हटलं गेलं. पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी पुढे काही जागा वगळून हा आकडा सुमारे २०० वर आणला. रडार हाडं दाखवत नाही, माती कुठे खणून पुन्हा भरली गेली ते दाखवतं. तिथे उत्खनन झालेलं नाही. खणावं की मुलांना आहेत तिथेच राहू द्यावं, यावर त्या समाजातच, घराघरांत वेगवेगळी मतं आहेत.

सुरुवातीला काही माध्यमांनी 'सामूहिक कबर सापडली' असं छापलं. ते चूक होतं, समाजाने तसं म्हटलंच नव्हतं. त्या चुकीचा आधार घेऊन फॉरवर्डवाले थेट 'कुणी मेलंच नाही' इथवर उडी मारतात. प्रश्न ४ मधली ४,१०० हून अधिक नावं रडारवरून आलेली नाहीत. ती शाळांच्या, चर्चच्या आणि सरकारच्या कागदांतून, मृत्यूदाखल्यांतून आली आहेत. एकट्या कॅमलूप्सच्या शाळेतल्या निदान ५१ मुलांचे मृत्यू अशा कागदांत आहेत. तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवला त्यांना हे उत्तर पाठवा.

९. हा दिवस सरकारी कधी झाला? त्या दिवशी सुट्टी आहे का?

आयोगाने २०१५ मध्ये एकूण ९४ शिफारशी केल्या. त्यातली ८० वी या दिवसाबद्दल होती. सहा वर्षं ती पडून राहिली. कॅमलूप्सची बातमी आली आणि आठवड्याभरात, ३ जून २०२१ ला, कायदा झाला. पहिला दिवस ३० सप्टेंबर २०२१.

सुट्टी मात्र सगळ्यांना नाही. केंद्र सरकारचे कर्मचारी आणि केंद्राच्या नियमांखालची क्षेत्रं, म्हणजे बँका, टपाल, विमान, टेलिकॉम, यांना आहे. ब्रिटिश कोलंबिया, मॅनिटोबा, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि तिन्ही उत्तरेकडच्या प्रदेशांत सर्वसाधारण नोकरदारांनाही पगारी सुट्टी आहे. ओंटारियो, क्वेबेक, अल्बर्टात खासगी कंपनीवर तशी सक्ती नाही, त्यामुळे एकाच घरात बँकेतल्या वहिनी घरी आणि आयटीतले दादा कामावर असं दिसतं. ओंटारियोत शाळा चालू असतात. ३० तारीख शनिवार-रविवारी आली तर शाळा बहुधा आदल्या शुक्रवारी दिवस पाळतात. सुट्टीच्या पगाराचं काही अडलं तर तुमच्या एचआरला विचारा.

१०. नारिंगी टी-शर्ट घरात नाही. भगवा कुर्ता घातला तर चालेल का?

रंग म्हणून चालेल. पण त्यावर ओम, महाराजांचं चित्र, पक्षाचं किंवा ढोलपथकाचं नाव असेल तर त्या दिवशी नको. ते आपल्या अभिमानाचे कपडे आहेत, हा दिवस दुसऱ्यांच्या दुःखाचा आहे. साधा नारिंगी शर्ट नसेल तर पांढऱ्या शर्टावर नारिंगी फीत किंवा कागदाचा छोटा शर्ट पिनने लावला तरी शाळेला पुरतं. विकत घ्यायचा असेल तर पैसे कुठे जातात ते बघून घ्या. ऑरेंज शर्ट सोसायटीचे अधिकृत शर्ट असतात, मूलनिवासी चित्रकारांनी स्वतः काढलेली नक्षी असलेले मिळतात. अशी चित्रं न विचारता उचलून छापलेले शर्टही ऑनलाइन मिळतात, ते टाळा. दरवर्षी नवा घ्यायची गरज नाही, आमच्याकडे थोरल्याचाच धाकट्याला आला.

११. ३० सप्टेंबर नवरात्रात आला तर? त्या दिवशीचा रंग वेगळा असतो. आणि मंडळाचा भोंडला त्या दिवशी ठेवावा का?

२०२२ आणि २०२५ मध्ये तसा आला होता. नवरात्राचा रंग ऐच्छिक हौस आहे, देवी त्यावरून रुसत नाही. त्या दिवशी नारिंगी नेसा. ऑफिसात मैत्रिणींचा रोजचा फोटो असतोच, तर त्या दिवसाच्या फोटोखाली दोन ओळी कारण लिहा.

भोंडला, गरबा शक्यतो वीकेंडला सरकवा. हॉलच मिळत नसेल आणि ३० लाच करावा लागला तर सुरुवातीला त्या मुलांसाठी दोन मिनिटं उभं राहा, मग हत्तीभोवती फेर धरा. गाणारी मुलं आपली असतात, म्हणून ती दोन मिनिटं उगाच वाटत नाहीत. एक मात्र नको: मूलनिवासींना 'मान' म्हणून आपल्या मुलांना पिसांचे मुकुट घालून नाचवणं. चांगल्या मनाने होतं हे मला माहीत आहे, पण तो पेहराव कमवावा लागतो, तो वेशभूषा स्पर्धेचा नाही.

बाकी वर्षी ही तारीख बहुतेक पितृपक्षात येते, २०२१, २०२३, २०२४ मध्ये आली होती. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आपण सर्वपित्री अमावास्या ठेवली आहे. आमच्या शेजारच्या काकू त्या दिवशी पानात एक घास 'ज्यांचं नाव लिहिलं नाही त्या पोरांसाठी' काढून ठेवतात. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. शास्त्रात बसतं की नाही ते मी विचारलं नाही.

१२. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिला किती सांगू?

शर्टाची गोष्ट, बस. एक मुलगी होती, आजीने तिला शर्ट घेतला, शाळेत तो काढून घेतला, आणि तिला खूप दिवस घरी जाऊ दिलं नाही. शाळेतही या वयाला एवढंच सांगतात. एक वाक्य मात्र जोडा: "तुझी शाळा तशी नाही, तू रोज घरी येणार." माझ्या ओळखीतल्या एका मुलाने हे न सांगितल्यामुळे आठवडाभर बसमध्ये चढायला नकार दिला होता. आठ-नऊ वर्षांपासून मृत्यूबद्दल बोलता येतं. चॅनी वेंजॅकची हकीकत (प्रश्न ४) बाराच्या पुढे, आणि सांगताना शेजारी बसा. टॅब हातात देऊन उठू नका.

१३. आम्ही तर आत्ता आलो. आमच्या पूर्वजांनी काही केलं नाही. उलट आपणही गुलामी सोसली. मग आमचा काय संबंध?

दोष तुमचा नाहीच, तसं कुणी म्हणतही नाही. पण आयोगाच्या ९४ शिफारशींतल्या शेवटच्या दोन, ९३ आणि ९४, खास नव्याने येणाऱ्यांबद्दल आहेत. ९३ वी म्हणते, नवागतांना आणि नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना हा इतिहास नीट शिकवा. ९४ वी म्हणते, शपथ बदला. ती २०२१ मध्ये बदलली. आज नागरिकत्वाच्या समारंभात तुम्ही उजवा हात वर करून जे म्हणता त्यात फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे हक्क मान्य करणाऱ्या राज्यघटनेचं पालन करण्याचा शब्द आहे. घाईघाईत सगळे पुटपुटतात, पण शब्द आपण दिलेला असतो. शिवाय आपली घरं ज्या जमिनीवर आहेत ती कुठल्या समाजाची होती आणि त्यांच्याशी कोणता करार झाला, हे शोधायला पाच मिनिटं लागतात.

१४. असे दिवस फक्त कॅनडातच आहेत का?

नाही. सगळ्यात जवळचा ऑस्ट्रेलियाचा २६ मे, 'नॅशनल सॉरी डे'. तिथेही ॲबोरिजिनल मुलं घरांतून उचलून नेली गेली, त्यांना 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात. १९९७ च्या चौकशी अहवालाने त्यालाही वंशसंहार म्हटलं आणि पुढच्या वर्षीपासून दिवस सुरू झाला. चेक प्रजासत्ताकात १० जून हा लिदित्से गावाचा स्मरणदिन आहे. १९४२ मध्ये नाझींनी ते गाव पुसून टाकलं आणि तिथल्या ८२ मुलांना मारलं. आज तिथे त्या ८२ मुलांचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत, आणि त्या मुलांच्या आठवणीसाठी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय बालचित्र प्रदर्शनात भारतातली मुलंही चित्रं पाठवतात. ज्यूंच्या संहारात सुमारे १५ लाख मुलं गेली. २७ जानेवारी आणि इस्रायलमधला योम हाशोआ हे दिवस सगळ्याच बळींचे, पण यरुशलेमच्या याद वाशेम या स्मारक-संग्रहालयात मुलांचं स्मारक वेगळं आहे. तिथे अंधारात मुलांची नावं, वय आणि देश सतत वाचले जातात. रवांडातल्या वंशसंहाराचा स्मरणदिन ७ एप्रिल. संयुक्त राष्ट्रांचा ४ जून हा आक्रमणाला बळी पडलेल्या निष्पाप मुलांसाठी आहे, १९८२ पासून. तो युद्धाबद्दल आहे, वंशसंहाराबद्दलच असा नाही.

१५. आणि महाराष्ट्रात? आपल्याकडे असं काही झालं होतं?

अगदी हेच नाही, आणि ओढूनताणून सारखं करू नये. पण ज्या ब्रिटिश राजवटीच्या विचारातून हे आलं त्याच राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटा असे कितीतरी समाज जन्मतःच गुन्हेगार ठरले. सोलापूरला तारेच्या कुंपणाआतली मोठी सेटलमेंट होती, हजेरी द्यावी लागे. 'सुधारण्यासाठी' मुलांना आईवडिलांपासून वेगळं ठेवायची तरतूदही कायद्यात आली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. ३० सप्टेंबरच्या महिनाभर आधी तो येतो. आपल्या किती मुलांना तो माहीत आहे, हे मला स्वतःलाच विचारावं लागलं.

१६. ऑफिसात मूलनिवासी सहकारी आहे. त्या दिवशी काय बोलू? 'हॅपी ऑरेंज शर्ट डे' म्हणायचं का?

'हॅपी' नको. आपण कुणाला 'श्राद्धाच्या शुभेच्छा' देत नाही. नेहमीसारखी विचारपूस करा. त्यांच्या घरात कुणी त्या शाळेत होतं का, हे स्वतःहून विचारू नका. त्यांनी सांगितलं तर ऐका, मध्ये आपली फाळणीची किंवा दुष्काळाची गोष्ट घालू नका. त्या शाळांतून जगून बाहेर पडलेल्यांना इथे 'सर्व्हायव्हर' म्हणतात आणि तो शब्द मानाचा आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे, १-८६६-९२५-४४१९. ग्रुपवर तुमची पोस्ट कोण वाचतंय हे कळत नाही, म्हणून या विषयावर काही लिहिलंत तर खाली हा नंबर द्या.

१७. मुलांना प्रत्यक्ष काही दाखवता येईल का?

टोरंटोच्या बाजूला राहत असाल तर ब्रँटफर्ड गाडीने तासा-दीड तासावर आहे. मोहॉक इन्स्टिट्यूटची (प्रश्न ३) लाल विटांची इमारत अजून उभी आहे, वुडलँड कल्चरल सेंटर तिची देखभाल करतं. १९७० मध्ये शाळा बंद झाली. पुढे २०१३ मध्ये छप्पर गळून नुकसान झालं तेव्हा इमारत पाडायची की ठेवायची असा प्रश्न होता. तिथल्या सिक्स नेशन्स या मूलनिवासी समाजाने ती ठेवली. मुलं तिला 'मश होल' म्हणत, कारण रोज खायला ओटची पातळ लापशी. जाण्याआधी वेळ ठरवून घ्या आणि सहा-सात वर्षांच्या खालचं मूल नेऊ नका.

इमारतीच्या मागच्या बाजूला नक्की जा. तिथल्या विटांवर मुलांनी खिळ्याने, दगडाने कोरलेलं आहे: आद्याक्षरं, कुठे पूर्ण नाव, कुठे नुसता नंबर, कुठे दिवस मोजल्यासारख्या उभ्या रेघा. काही अक्षरं इतकी खाली आहेत की वाचायला गुडघ्यांवर बसावं लागतं. माझा धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला वाकावं लागलं नाही. तो एकेका विटेवर बोट फिरवत नावं मोठ्याने वाचत गेला, आणि जिथे नुसता नंबर होता तिथे थांबून माझ्याकडे बघत राहिला.